पारगावचं वर्ष

चातुर्मास लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाईंची मुलगी गौतमी कॉम्प्युटरमधल्या एका ग्रहावर राहायला गेली. जाताना तिने पंखा बंद केला नव्हता, एवढंच हेमलताबाईंना खटकलं. त्यांनी पंखा बंद केला, खुर्चीच्या पाठीवरची तिची ओढणी घडी करून ठेवली आणि चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या.

तो खेळ त्यांना ऐकून माहीत होता. आकाशभर पसरलेलं एक राज्य सांभाळायचं. शेतीचे ग्रह, खाणींचे ग्रह, त्यांच्यामधून ये-जा करणारी गलबतं. राजधानीचं नाव गौतमीने 'गादी' ठेवलं होतं. आणि पार कडेला, चांदण्या संपून नुसता काळोख लागतो तिथे, एक करडा ठिपका होता. त्याचं नाव पारगाव. बाईंनी ठिपक्यावर बाण नेला तसा तो वाढत गेला. त्यात एक खिडकी आली, आणि खिडकीत न्हालेल्या केसांना टॉवेल गुंडाळून गौतमी उभी होती.

"आई," ती म्हणाली, आणि तशीच राहिली. ओठ उघडे, पापणी अर्धी मिटलेली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण लुकलुकत होतं. त्यावर 'पुढचे वर्ष' असं लिहिलं होतं. बाईंनी ते दाबलं.

"घाबरू नकोस, मी नीट आहे." टॉवेल गेला होता आणि केस कमरेपर्यंत आले होते. पुन्हा ती थांबली.

बाईंनी पुन्हा दाबलं.

"एकदा दाबलंस की इथे वर्ष जातं, आणि वर्षात माझं एकच वाक्य होतं."

तव्याला बोट लागावं तसा बाईंनी हात मागे घेतला.

मग पुष्कळ दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. पूजा आटोपली की जपाची माळ घेऊन त्या पडद्यासमोर बसत. गौतमी 'होतं' म्हणून मिटायला निघालेल्या ओठांनी त्यांच्याकडे बघत असे. गॅलरीच्या दाराबाहेर त्याच आठवड्यात काळोख आला. खेळात टेहळणी न झालेली जागा काळी राहते; तिकडची टेहळणी कुणी केली नव्हती, म्हणून तिकडे काही नव्हतं. बाई दारात उभ्या राहून तुळशीला अंदाजाने पाणी घालत. पाणी पडल्याचा आवाज येत नसे.

शेजारच्या कुंदाताई विरजण मागायला आल्या.

"गौतमी दिसत नाही ती?"

"ग्रहावर असते आता."

"अगंबाई, बोलली नाहीस! पेढे चुकवलेस होय? बरोबर आहे, हल्ली सगळ्यांची बाहेरच. आमचा नाही का कॅनडात."

"बोलतो का गं तुझा?"

"रविवारी करतो ना फोन. म्हणजे करायचा. आता सणाला करतो."

"माझी वर्षाला एक वाक्य बोलते."

कुंदाताईंनी वाटीवर झाकण ठेवलं. "पुरे की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वाक्य कुठे असतं? नुसतं 'हं' असतं."

त्यांच्या पाठोपाठ लिफ्टने वकील आला. तो कोर्टातला नव्हे, खेळातल्या पलीकडच्या राज्याचा, तहाची बोलणी करणारा वकील होता. करडी सफारी, हातात छत्री. त्याला पाय नव्हते. विजार जमिनीपाशी येऊन संपत होती. बाईंनी पाणी पुढे केलं.

"तह होईपर्यंत आमच्यात पाणी घेत नाहीत," तो सोफ्यावर बसत म्हणाला. "आपण बटण दाबत नाही, अशी तक्रार आहे."

"दाबलं की माझी मुलगी म्हातारी होते."

"नाही दाबलं की आमचे सगळेच ताटकळतात, बाई. आमच्या सेनापतींना शिंक आलेली आहे. अर्धी."

"मग काय करू?"

"खेळा. बसून राहणाऱ्याचं राज्य आम्ही आमचं धरतो. तसा नियम आहे. आमचं मन नाही, नियम आहे."

बाईंना नियम ही गोष्ट कळत होती. त्यांचं सगळं आयुष्य नेमावर चाललं होतं. त्यांनी देवासमोर पाणी सोडून संकल्प केला: गौतमीला घरी आणीन, आणि एकादशी सोडून रोज पूजेनंतर एकदाच, फक्त एकदाच, बटण दाबीन. त्या दिवसापासून आंघोळ, पूजा, बटण आणि मग चहा, असा क्रम लागला.

"मला आणायचं तर गादीपासून इथवर ठाणी बसव, गलबत एका दमात येत नाही," गौतमीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी: "ठाण्याला धान्य लागतं, म्हणून आधी शेतीचे ग्रह वाढव."

तिसऱ्या दिवशी: "ग्रह वाढले की माणसं वाढतात, आणि ती तेच धान्य खातात."

"मग गं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग अजून ग्रह," गौतमी एका वर्षाने म्हणाली. तिच्या कपाळावर एक आठी आली होती, ती आता जाणारी नव्हती.

"पण हे संपतं कुठे?"

"संपत नाही आई, म्हणून तर लोक खेळतात."

बाई शिकल्या. प्रत्येक ग्रहाखाली वाटपाची एक पट्टी होती. ती वर सरकवली की त्या ग्रहाला धान्य जास्त जाई, खाली ओढली की कमी. घरात सून आली की सासू जसा हात राखून डाळ काढते, तसं बाई काढत. खाणीच्या ग्रहांना थोडं कमी, ठाण्यांना बेताचं, पारगावला नेहमी वाटीभर वर. लांबची ठाणी रुसू लागली, त्यांच्या कडेला लाल वळ उठू लागले. "लांबचं ठाणं गादीला विसरतं, त्याला धाक तरी दाखव नाहीतर सण तरी दे," गौतमीने सांगितलं. धाक म्हणजे आरमार. बाईंनी सण दिले. सणांनी कोठार रिकामं होत आलं, की त्या अजून एक ग्रह नांगरायला घेत.

एकेक ठाणं बसलं तसतसा घरातला बोळ लांबत गेला. दारापासून कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत जायला दम लागू लागला, तेव्हा बाईंनी वाटेत एक स्टूल आणि पाण्याचा तांब्या ठेवला. पुढे आणखी एक स्टूल लागलं. दाराची बेल वाजली तरी ती सुईएवढ्या आवाजात यायची. कुंदाताई एकदा निम्म्या वाटेवरूनच "काही नाही गं, सहज आले होते" असं ओरडून परत गेल्या.

एका सकाळी बाई सवयीने म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

बटण दाबल्यावर गौतमी म्हणाली, "जेवले."

त्या एका प्रश्नात लेकीचं एक वर्ष गेलं, हे बाईंच्या नंतर लक्षात आलं. चहा ठेवायला त्या उठल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. गौतमीच्या भांगातले केस पांढरे झाले. मग सगळेच झाले. एका सकाळी ती खिडकीशी काठी टेकून उभी होती, आणि बाईंनी पदर सारखा केला. समोर वडीलधारं माणूस आलं की तो सारखा करायची त्यांची सवय होती.

भाद्रपद सरत आला तेव्हा शेवटचं ठाणं बसलं. गादीवरून रिकामं गलबत निघालं, गौतमीला आणायला. पडद्यावर ते तांदळाच्या दाण्याएवढं दिसत होतं. रोज सकाळी ते एका ठाण्यापुढे सरके.

"गलबत दिसलं, आई," गौतमी म्हणाली. तिचे पुढचे दात पडले होते.

आणि मग एकादशी आली.

आजवरच्या एकादशींना बाईंनी यंत्राला हात लावला नव्हता. पण आज गलबत दोन ठाण्यांच्या मधोमध काळोखात उभं होतं, आणि लेक काठी धरून. दिवसभर त्यांना तसं टांगून ठेवणं बाईंच्याने होईना. त्यांनी आंघोळ केली, देवाला तुळस वाहिली, बसल्या. आणि त्यांचा हात वाटपाच्या पट्ट्यांपाशी थांबला. इतक्या वर्षांत एकादशीला त्या हाताने कुणाच्या पानात अन्न वाढलं नव्हतं. आता एवढ्या ग्रहांना वाढणारा हातही त्यांचाच होता.

एका दिवसाचं तर आहे, त्या मनात म्हणाल्या. उपासाने कुणी मरत नाही. उलट पोरीच्या वाटेला तेवढंच पुण्य लागेल.

त्यांनी एकेक पट्टी तळाला ओढली. शेतीचे ग्रह, खाणीचे ग्रह, ठाणी, गलबत. पारगावची पट्टी ओढताना त्या हळूच म्हणाल्या, "आजच्या दिवस हं." मग हात जोडले आणि बटण दाबलं.

आकाशातले दिवे एकेक करून गेले नाहीत. सगळे एकदमच गेले. गलबत होतं तिथेच राहिलं, पण त्यातला उजेड गेला. घरात मागे कुठेतरी पाट सरकल्यासारखा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. स्वयंपाकघर नव्हतं. देवघर नव्हतं. बोळही नव्हता. खुर्चीच्या मागच्या पायांपाशी गॅलरीतला काळोख येऊन उभा होता. त्यांनी त्यात हात घातला. तो गार लागेना की गरम लागेना.

राज्यात गादी उरली होती आणि पारगाव. पारगावच्या खिडकीत एक लहानशी म्हातारी बसली होती. उभं राहणं तिने सोडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "आज एकादशी होती का?"

"होय गं बाळा," बाई म्हणाल्या. मग त्यांना कळलं, हे तिला पुढच्या वर्षी ऐकू जाईल.

त्यांनी सगळ्या पट्ट्या वर ढकलल्या. पट्ट्या वर गेल्या. कोठारात काही नव्हतं; इथला एका दिवसाचा उपास तिकडे वर्षभर झाला होता, पिकवायला कुणी उरलं नव्हतं.

वकिलाला आता लिफ्टने यावं लागलं नाही. तो खुर्चीशेजारीच उभा होता, छत्री मिटलेली.

"तह करता?" त्याने विचारलं.

"गादी घ्या. सगळं घ्या. तिला जेवायला मिळेल ना?"

"आमच्यात उपास नाहीत," वकील म्हणाला. हे तो टोमणा म्हणून म्हणाला की माहिती म्हणून, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "मात्र एक वर्ष सह्यांना लागतं, आणि एक धान्य पोचायला."

"तोवर?"

"तोवर ती तुमची." त्याने वाकून पडद्यात पाहिलं. खिडकीच्या कोनाड्यात एक वाटी होती आणि वाटीच्या तळाला थोडे तांदूळ. "म्हातारं माणूस एवढ्यात दोन वर्षं काढतं. म्हणजे काढलेली आहेत. पाखरासारखं खायचं, हलायचं नाही."

"तिला सांगते, जपून खा म्हणून."

"सांगा. ऐकू वर्षाने जाईल."

"गौतमी, तांदूळ जपून खा," बाई पडद्याला तोंड लावून म्हणाल्या. "पुढच्याच्या पुढच्या वर्षी धान्य येतंय. कुणाला देऊ नकोस. ऐकलंस ना?" मग द्वादशीची सकाळ झाली असेल असं धरून त्यांनी होतं तिथूनच देवाला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

वकिलाने खिशातून कागद काढून त्यावर फुंकर मारली. "सह्या झाल्या," तो म्हणाला.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. कोनाड्यातली वाटी पालथी पडली होती. ती म्हातारी खिडकीच्या चौकटीवर पोटाशी गुडघे घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर पानावर मऊ भाताचा एवढासा मुटका होता. ती आपल्या आईपेक्षा पुष्कळ मोठी दिसत होती. आपल्याहून लहान कुणाला तरी समजवावं तसं ती हसत होती.

"ऐकलं सगळं, पण आज द्वादशी, तू उपाशी आहेस, आधी तू उपास सोड."

एवढं म्हणून तिने घास उचलला आणि हात पुढे केला. हात खिडकीतून बाहेर आला, पडद्यातून बाहेर आला आणि बाईंच्या ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला. भातावर वाफ होती. वाफही थांबली होती. मनगट इतकं वाळलं होतं की बांगडी कोपरापाशी जाऊन बसली होती. पानावर दुसरा घास नव्हता.

"नको गं," बाई म्हणाल्या. "तू खा. अगं, तूच खा."

"ते वर्षाने ऐकू जाईल," वकील म्हणाला. "हातसुद्धा तेव्हाच हलेल."

बाईंनी मान मागे घेतली. डोकं काळोखाला टेकलं. मागे जायला जागा नव्हती. बाजूला सरकावं तर खुर्चीचे हात काळोखातच गेले होते. त्यांनी लेकीचं मनगट धरून पाहिलं, हळूच उलटं वळवायला. ते दगडासारखं होतं.

"समोर आलेला घास नाकारत नाहीत ना तुमच्यात?" वकिलाने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग दाबा. आमचे सेनापती थांबलेत."

घास आत जाऊ नये म्हणून हेमलताबाईंनी ओठ घट्ट मिटले, दात दातावर दाबले, डोळे मात्र उघडे ठेवले. बोटाने चाचपून बटण शोधलं आणि दाबलं.

हात हलला.