सोमवारचं गणित आणि मंगळवारचं गणित

मित्रांनो, मी ओतीव लोखंडाची एक म्हातारी मोहोर आहे. मला शाई लागत नाही, वीज लागत नाही, कुणाची मनधरणी तर मुळीच लागत नाही. माझ्या जबड्यात कागद सरकवायचा, दांडी खाली दाबायची, की कागदावर कॉलेजचं नाव आणि मधोमध एक पेलिकन पक्षी उठून येतो. हात फिरवला तरी बोटांना कळतो. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या तोंडात कोरली आहेत तेवढीच अक्षरं मला ठाऊक, आणि तीही उलटी. पण तेवढ्यावर मी त्रेपन्न वर्षं एका कॉलेजची अब्रू राखली. शिकलेल्यांपैकी कितीजणांना असं म्हणता येईल, ते त्यांनाच विचारा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. भट्टी, साचा, कानस असं सगळं सोसून मी भुशाच्या खोक्यात बसून दक्षिणेला आले. तेव्हा आमचं कॉलेज म्हणजे भातगिरणीच्या मागच्या चार खोल्या. कम्युनिटी कॉलेज हे त्याचं सरकारी नाव. दोन वर्षं इथे कमी खर्चात शिकायचं आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात जाऊन पुरी करायची, अशी त्यामागची कल्पना. गिरणीतून, झिंग्यांच्या कारखान्यातून, इस्पितळाच्या धुलाईघरातून लोक थेट वर्गात येत. त्यांच्या हातांना झिंग्यांचा वास असे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

माझी मालकीण मिस ओडील त्राहान. आमच्याकडे बाईमाणसाला नावाआधी 'मिस' लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. गुणपत्रकं द्यायचं काम तिचं. नियम असा की मोहोर एक तर कुलपात, नाही तर मिस ओडीलच्या ताब्यात. गुणपत्रकावर एकदा मला दाबायचं, ते पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं आणि त्याच्या तोंडावर पुन्हा मला दाबायचं. ते पाकीट विद्यापीठातच फोडायचं. वाटेत कुणी फोडलं की आतला कागद रद्दी.

रोझेल गिलरी ही आमच्या गावच्या शाळेत अकरा वर्षं मदतनीस होती. मुलांच्या नाकापासून बुटांच्या नाड्यांपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. तिला गणिताची बाई व्हायचं होतं. शाळेतले गणिताचे जुने मास्तर निवृत्त व्हायला आले होते आणि मुख्याध्यापकांनी तिला शब्द दिला होता, "रोझेल, दोन वर्षं जागा धरून ठेवतो. तिसऱ्या वर्षी मला धरता यायची नाही." तोवर तिने आमच्याकडे एकसष्ट क्रेडिटं मिळवली होती, विद्यापीठातली दोन वर्षं तेवढी उरली होती. क्रेडिट म्हणजे पास केलेल्या विषयाचं वजन, एका विषयाला साधारण तीन. त्या एकसष्टांवर माझा पेलिकन उमटला आणि पाकीट विद्यापीठात गेलं.

तिथून उत्तर आलं. चौतीस क्रेडिटं पदवीसाठी धरली. सत्तावीस 'अवांतर' म्हणून जमा केली.

अवांतर! म्हणजे घेतली खरी, पण मोजायची नाहीत. पाहुण्याला ओसरीवर बसवायचं आणि जेवायला वाढायचं नाही. बीजगणितसुद्धा अवांतर, कारण आमच्याकडे त्या विषयाचा क्रमांक एक आणि विद्यापीठात दुसरा. रोझेलला तेच विषय पुन्हा शिकावे लागणार, म्हणजे तिसरं वर्ष, म्हणजे शाळेतली जागा गेली.

ती मिस ओडीलच्या खिडकीशी आली. रडली नाही. म्हणाली, "मिस ओडील, मी बीजगणित शिकले की नाही शिकले?"

"शिकलीस गं पोरी. मीच शिक्का मारलाय."

"मग त्यांना तो दिसत नाही?"

मित्रांनो, हा प्रश्न तिने ओडीलला विचारला, पण लागला मला.

त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं होतं. कम्युनिटी कॉलेजात पास केलेले ठरावीक विषय राज्याच्या प्रत्येक सरकारी विद्यापीठाने त्याच विषयाचे म्हणून मोजावेत, अवांतर म्हणून बाजूला सारू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. समितीपुढे कुणीही जाऊन बोलू शकतं. रोझेलने नाव नोंदवलं. समितीला द्यायला मिस ओडीलने तिला बंद पाकीट करून दिलं आणि स्वतःही बरोबर निघाली. कपाटाचं कुलूप त्या आठवड्यात बिघडलं होतं, म्हणून मी तिच्या पर्समध्ये, पाव आणि सॉसेजच्या पुडीशेजारी.

समितीच्या अध्यक्षा सिनेटर प्रुडम म्हणून एक ठेंगण्या, करड्या आवाजाच्या बाई होत्या. रोझेलने पाकीट पुढे केलं. विद्यापीठातर्फे डॉक्टर व्हिटकोम आले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"अध्यक्षबाई, हे पाकीट फोडलेलं आहे. नियमाप्रमाणे हा कागद ग्राह्य नाही."

खरंच फोडलेलं होतं, आणि वर तेलकट बोटं! रोझेलने मागे वळून आईकडे पाहिलं. ममा झेली दुसऱ्या रांगेत टोपी घालून बसली होती.

"ममा, तू?"

"मग काय करू? रविवारी सगळं गणगोत झिंगे खायला आलं होतं. तुझी मेली थोरली मावशी विश्वासच ठेवेना. म्हटलं, हात लावून बघ, माझ्या लेकीच्या कागदावर पक्षी उठलाय!"

सभागृह हसलं. रोझेलचे कान लाल झाले. डॉक्टर व्हिटकोम मात्र हसले नाहीत. म्हणाले, "नियम हा नियम."

तेवढ्यात मिस ओडील उठली. पर्स उघडली, सॉसेजची पुडी बाजूला काढली आणि मला धाडकन टेबलावर ठेवलं. पर्समधून गुणपत्रकाची दुसरी प्रत निघाली. "नियम मलाही पाठ आहे, डॉक्टरसाहेब. शिक्का अधिकाऱ्याने मारायचा, एवढाच तो आहे. कुठे मारायचा ते लिहिलेलं नाही."

तिने अख्खा भार टाकून मला दाबलं. खट्! अध्यक्षबाईंनी कागद घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "उमटलाय. पुढे बोला. डॉक्टर, या बाईंच्या बीजगणितात कमी काय आहे?"

"आमच्याकडे तो विषय आमचे प्राध्यापक शिकवतात. दर्जाचा प्रश्न आहे."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "रोझेल, तुला कुणी शिकवला?"

"मिस्टर अल्सीद दुगास यांनी. मंगळवारी आणि गुरुवारी."

मागच्या रांगेत एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उभा राहिला. हेच ते दुगास मास्तर. "अध्यक्षबाई, सोमवारी आणि बुधवारी मी डॉक्टरसाहेबांच्याच विद्यापीठात बीजगणित शिकवतो. तेच पुस्तक, तेच धडे. खरं सांगायचं तर प्रश्नपत्रिकाही तीच देतो. दोन काढायला वेळ कुणाला आहे?"

आमच्याकडे अशा मास्तरांना दोन्ही संस्था अर्धवेळ नेमतात, म्हणून त्यांचा आठवडा गाडीतच जातो. सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण आजवर असं उभं राहून कुणी बोललं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, मला एवढंच समजावून सांगा. सोमवारचं गणित आणि मंगळवारचं गणित, यात फरक काय?"

डॉक्टर व्हिटकोमांनी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिले. शेवटी म्हणाले, "क्रमांकाचा." सांगायला हवं की तो माणूस खोटं बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचीही ऋणी आहे.

विधेयक समितीत मंजूर झालं, मग दोन्ही सभागृहांत. आधीपासून विद्यापीठात असलेल्यांनाही ते लागू राहील, असं एक वाक्य अध्यक्षबाईंनी त्यात घालून घेतलं. त्या वाक्याने रोझेल वाचली. उन्हाळ्यात तिला नवं पत्र आलं, एकसष्टच्या एकसष्ट मोजली होती. ममा झेलीने तेही पाकीट आधीच फोडलेलं होतं. मुख्याध्यापकांनी दिलेल्या दोन वर्षांच्या आत रोझेल शाळेत गणिताची बाई म्हणून उभी राहिली.

आता गुणपत्रकं संगणकातून जातात. त्या तारेतून उठलेला पक्षी जात नाही, म्हणून मला काम नाही. मिस ओडील निवृत्त झाली. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण ज्या हातांनी मला दाबलं, ज्या दमलेल्या माणसांनी माझा कागद छातीशी धरून नेला, जी बाई कागदावर अंगठा फिरवून "उमटलाय" म्हणाली, त्या सगळ्यांचे उपकार आठवले की माझं लोखंड ऊबदार होतं.

रोझेलने मला कॉलेजकडून मागून नेलं. हल्ली मी तिच्या वर्गात खिडकीपाशी असते. कुणी अपूर्णांक सोडवून दाखवले की त्याच्या वहीवर ती मला दाबू देते. परवा एक मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेतून आली. आपण हे तिथे शिकलो आहोत, असं ती घाबरत म्हणाली. रोझेलने पुस्तक बघितलं नाही, क्रमांक विचारला नाही. म्हणाली, "छान. फळ्यावर करून दाखव." पोरीने करून दाखवलं.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी शिकून आलं, तर तुम्हीही त्याला आधी खडू द्या. आणि मला दाबाल तेव्हा दोन्ही हातांनी, पूर्ण दाबा. त्या पोरीने दाबलं तसं. तिच्या वहीतल्या पक्ष्याचं पीस न् पीस मोजता येतं.