सात घरांचे नारळ

पौष लागला की आमच्या घरात नारळ जमायला लागतात. बनशंकरी ही आमची कुलदेवी. तिचं मूळ ठाणं बदामीला, आणि आमची सात घरं मात्र बेंगळुरात, पीण्यापासून होसकोट्यापर्यंत पांगलेली. पौर्णिमेला बदामीला जातं ते एकच घर, आमचं. आमचं म्हणजे मी. माझ्या यजमानांना, दयानंदांना, कारखान्यातून रजा मिळत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा हे काम माझ्याकडे आलं, ते आजतागायत माझ्याकडेच आहे.

प्रत्येक घराची पिशवी वेगळी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. देवीची ओटी भरायची आणि प्रसादाचा नारळ ज्याचा त्याला परत आणून द्यायचा. म्हणून शेंड्यांना मी वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधते. एका वर्षी दोरे सुटले आणि नारळांची अदलाबदल झाली. होसकोट्याच्या माझ्या धाकट्या जावेने, प्रेमा तिचं नाव, घरी नारळ फोडला तर तो नासका निघाला. मग वर्षभर त्यांच्याकडे मिक्सर बिघडला तरी बोट माझ्याकडे! तेव्हापासून मी देवळाच्या रांगेत पिशव्या पोटाशी धरून उभी असते. पुजाऱ्यांच्या हातातला नारळ नजरेआड होऊ देत नाही. सगळं उरकलं की लगेच परतीची गाडी.

बदामी ही चालुक्यांची राजधानी. लांबलांबून लोक ती बघायला येतात. डोंगरात कोरलेली लेणी, खाली मोठं तळं, तळ्याकाठी देवळं. हे मी पुस्तकात वाचलंय. देवीचं देऊळ गावाबाहेर आहे आणि मी गावात कधी गेलेच नाही. सात नारळ घेऊन कोण डोंगर चढणार? पुढच्या वर्षी बघू, असं सासूबाई म्हणायच्या. पुढे मीही तेच म्हणायला लागले.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारलाय. डॉक्टर म्हणाले, "जिने टाळा. जेवढे चढाल तेवढी झीज." आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या संध्याकाळी जिन्यात टेकले असताना माझ्या मनाने घेतलं, की आता बघितली नाही तर बदामी राहिलीच. या वर्षी लेणी बघायची, गुडघे आहेत तोवर. मी दयानंदांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बघ की. ओट्या झाल्यावर वेळ उरला तर बघ."

निघायच्या दिवशी दुपारी प्रेमाची मुलगी अश्लेषा आली. इंदिरानगरला नोकरी करते, गुणी पोरगी आहे. आईने दिलेली पिशवी तिने बाकीच्या सहांशेजारी ठेवली.

"काकू, अम्मानं यात साडी पण घातलीय. माझ्या लग्नासाठी नवस बोलली होती म्हणे. स्वल्प जड झालंय."

"होऊ दे," मी म्हटलं. चहा टाकला. ती ओट्याला टेकून फोन चाळत होती. मी सहज म्हटलं, "यंदा लेणी बघायचा विचार आहे गं. पायऱ्या फार आहेत का, कुणास ठाऊक."

"नाही हो काकू, चढतात पाय आपोआप. हे बघा." तिने फोन पुढे केला. तांबडा कडा, हिरवं पाणी, अठरा हातांचा नाचणारा शंकर. आणि त्याच्यासमोर गॉगल लावून आमची अश्लेषा.

"तू कधी गेलीस?"

"दिवाळीनंतर. ऑफिसातल्या सगळ्या मिळून."

"आणि देवीला?"

"नाही गेलो. वेळ कुठं होता?" ती हसली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. "आणि तुम्ही जाताच की दर वर्षी."

चहा उतू गेला. मी गॅस पुसत राहिले. मला राग आला होता, पण तो तिच्यावर काढण्याइतकं त्राण नव्हतं. तिच्या लग्नाची साडी मी डोक्यावरून न्यायची, आणि ही त्याच गावातून हात हलवत फिरून आली. तिला कुणी अडवलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही कुणी अडवलं नव्हतं. फक्त पिशव्या आणून ठेवल्या होत्या.

ती गेल्यावर मी थोडी आडवी झाले. झोप लागली नाही. मग उठून साडी नेसले, माझा एक खण आणि एक नारळ खांद्याच्या झोळीत टाकला. दोरा बांधला नाही. एकाच नारळाला दोरा कशाला?

रिक्षा खाली आली तेव्हा दयानंद सवयीने पिशव्या उचलायला वाकले.

"त्या राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? ओट्या?"

"माझी मी भरते. ज्यांना आपली भरायची आहे त्यांनी यावं. गाड्या रोज असतात."

ते पिशव्या धरून तसेच उभे राहिले. भांडतील असं वाटलं होतं. पण कारखान्यातून आलेला माणूस, तोही दमलेला होता. मी कठड्याला धरून उतरायला लागले. उतरतानाच जास्त दुखतं. मधे थांबले, श्वास घेतला.

वरून त्यांचा आवाज आला. "अगं, प्रेमाचा फोन येईल. काय सांगू तिला?"

"सांगा," मी म्हटलं, "सुचेता बदामी बघायला गेलीय."