कॅमेरा जरा मागे

मोठ्या सिस्टरांनी जन्मभर दुसऱ्यांना ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं. स्वतः झोपायची पाळी आली, तेव्हा डॉक्टर कोण हे विचारायची सोयच उरली नव्हती. पित्ताशयात खडे आहेत म्हटल्यावर सगळ्या हॉस्पिटलनं परस्पर ठरवून टाकलं, सिस्टरांचं ऑपरेशन सरच करणार. वीस वर्षं दोघं एका टेबलाशी उभे राहिलेले. सरांनी हात पुढे केला की काय हवं ते तोंडातून निघायच्या आत सिस्टर ते हातात ठेवायच्या. नवरा तर म्हणाला, "अगं, माझ्यापेक्षा तू त्यांच्याच शेजारी जास्त उभी राहिली आहेस. ते तुला परकी थोडीच समजणार!"

सिस्टर हसल्या. पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. सरांचा उजवा हात थरथरतो, हे त्या एकट्यांना ठाऊक होतं.

तशी थरथर फार नव्हती. चहाचा कप धरताना कोणाला कळलीही नसती. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाला छोटी छोटी भोकं पाडून आत कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं घालतात, आणि आतलं सगळं समोरच्या पडद्यावर मोठं होऊन दिसतं. हाताची थरथरही तशीच मोठी होते. दोन वर्षांपूर्वी सिस्टरांनी ती पहिल्यांदा पाहिली. मग त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. पित्ताची नळी चिमटून बंद करणारी क्लिप लावायची नाजूक वेळ आली, की कॅमेरा धरणाऱ्या छोट्या सिस्टरला त्या हळूच सांगायच्या, "कॅमेरा जरा मागे." चित्र लहान झालं की थरथर दिसेनाशी व्हायची. तेवढ्यात त्या आपला तळवा सरांच्या कोपराखाली टेकवायच्या. हात स्थिर व्हायचा, क्लिप बसायची. सर त्यावर कधी काही बोलले नाहीत. सिस्टरांनीही विषय काढला नाही.

खरं सांगायचं तर त्यांना त्यात सुखही वाटायचं. आपल्यावाचून सरांचं पान हलत नाही, ही गोष्ट कोणाला सांगायची नाही पण मनात घोळवायची, असं त्यांचं चाललं होतं. आता दुसरा डॉक्टर मागावा, तर लगेच "का?" आलं. नव्यानं आलेल्या सर्जन मॅडमचा हात चांगला होता, पण त्यांचं नुसतं नाव काढलं असतं तरी संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये चर्चेला ऊत आला असता. सिस्टर मुकाट्यानं टेबलावर आडव्या झाल्या आणि भूल चढेपर्यंत छताकडे बघत राहिल्या.

ऑपरेशन झालं. सर बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, "एकदम झकास." नवऱ्यानं त्यांचे दोन्ही हात धरून दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सिस्टरांचा उजवा खांदा ठणकू लागला. जो आला तो म्हणाला, "गॅस आहे, जाईल." त्यात खोटं काही नव्हतं. ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात, उरलेला गॅस खांद्यात टोचतो. हे वाक्य सिस्टरांचंच होतं. त्यांनीच ते सगळ्या नर्सांकडून घोटून घेतलं होतं, आणि आता एकेक पोरगी येऊन त्यांच्याच सुरात त्यांनाच ऐकवून जात होती. दुपारपर्यंत पोट टम्म फुगलं. नाडी धावायला लागली. कुशीवर वळावं तर कळ मस्तकात जाई, उताणं पडावं तर दम लागे. एका हाताला सलाईन, दोन्ही बाजूंना पलंगाचे कठडे. पेशंट पडू नये म्हणून ते कठडे लावल्याशिवाय खोली सोडायची नाही, हा नियमही त्यांचाच.

"तुझ्या तोंडाला आराम मिळाला म्हणून पोट रागावलंय," नवरा म्हणाला. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा हा माणूस, मशीन बंद पडलं तरी आधी विनोद करायचा आणि मग पाना हातात घ्यायचा. आपल्या विनोदाला आधी तोच हसायचा. आताही हसला. सिस्टरांनी त्याला चहा आणायला पिटाळलं, कारण त्याच्यासमोर कण्हायची चोरी होती.

तो गेला आणि छोट्या सिस्टर आल्या. पंचेचाळिशी उलटली तरी त्या छोट्याच.

"काल सगळं नीट झालं ना गं?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही नव्हता तर मी आधी घाबरलेच होते. पण क्लिपच्या वेळी तुम्ही शिकवलंय तसा कॅमेरा मी आपणहून मागे घेतला. सांगावंसुद्धा लागलं नाही कोणाला!"

कॅमेरा मागे गेला होता. कोपराखाली तळवा नव्हता. लांबून, अर्धवट दिसणाऱ्या चित्रात, थरथरत्या हातानं त्यांच्या पोटात क्लिप बसवली गेली होती, आणि तसं करायला त्यांनीच शिकवलं होतं. आत पित्त गळतंय, हे त्यांना आता कोणी सांगायची गरज नव्हती. खांद्यातली कळ त्याचीच होती.

ओरडून सांगायचं तरी काय? गळतंय म्हटलं, की कसं, हे आलं. कसं म्हटलं, की सरांचा हात आला. आणि गप्प राहिलं तर उद्यापर्यंत पोटभर विष पसरणार. त्यांनी असे पेशंट पाहिले होते. त्यातले काही वाचले नव्हते. मरणाची भीती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकी जवळून वाटली, आणि तिच्यापुढे बाकी सगळी लाजलज्जा गळून पडली. "सरांना बोलव," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. पळ!"

सर आले. पोटावर हात ठेवताक्षणी त्यांचा चेहरा बदलला. "लगेच आत घेऊ," ते म्हणाले. "मी स्वतः बघतो."

"तुम्ही नाही, सर."

वीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. सरांनी छोट्या सिस्टरला बाहेर जायची खूण केली.

"मॅडमना बोलवा. तुमचा हात थरथरतो," सिस्टर म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. पडद्यावर दिसू नये म्हणून मी कॅमेरा मागे घ्यायला लावत होते. आणि तुमच्या कोपराखाली हात धरत होते."

सरांनी आपल्या उजव्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधारासाठी?"

"हो."

"मला वाटायचं, तुम्हाला उभं राहवत नाही. कंबर धरली असेल, म्हणून माझ्या हाताला टेकता. बोललो असतो तर तुम्हाला थिएटरमधून काढलं असतं लोकांनी. म्हणून तुमचं वजन गुपचूप सांभाळत होतो."

सिस्टरांना रडू फुटलं आणि हुंदक्यासरशी पोटात अशी कळ आली की तेही अर्ध्यावर गिळावं लागलं. सरांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मोठ्या सिस्टरांना पुन्हा आत घ्यायचंय. पित्त गळतंय. माझ्या हातून चुकलंय. नाही, मी हात लावणार नाही. आजपासून कोणालाच नाही." फोन ठेवून ते पलंगाच्या कडेला उभे राहिले आणि आपला उजवा हात त्यांनी डाव्या हातात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात नवरा चहाचा थर्मास घेऊन दारात आला. "सर आहेत होय! मग मला कसली काळजी. परत आत न्यायचंय म्हणाल्या बाहेर छोट्या सिस्टर. तुम्हीच करणार ना?"

"नाही," सर म्हणाले. "माझा हात थरथरतो. काल त्यामुळेच चुकलं."

नवऱ्यानं थर्मास टेबलावर ठेवला. सरांकडे त्यानं पाहिलंही नाही, बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

सिस्टरांनी मान हलवली.

"आणि माहीत असून झोपलीस तिथं? मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजू लागली. नवऱ्यानं पुढे होऊन पलंगाचा कठडा खाली केला, त्यांच्या डोक्याखाली हात घातला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सरांची अब्रू राखायला मला विधुर करायला निघाली होतीस होय गं?"

नेहमीप्रमाणे तो आधी स्वतःच हसेल म्हणून त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो हसला नाही.