राजमा निघेपर्यंत

सदाशिवरावांनी क्रूझरच्या टपावरून तानाबाईची निळी बॅग उतरवून घेतली आणि ती खाली ठेवता ठेवता गाडीत डोकावून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. आठ बायका उतरून बाभुळगावच्या स्टँडवर आपापलं सामान हुडकत होत्या. गेल्या होत्या नऊजणी.

"बाई, आमची कुठं उतरली?"

निशिगंधाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दरवर्षी गावातल्या बायकांना कुठं ना कुठं फिरवून आणायच्या. यंदा थेट हिमालय गाठला होता, कुमाऊँतलं मुन्स्यारी. त्या सदाशिवरावांकडे पाहतच राहिल्या.

"तानाबाई तर तिकडंच थांबल्या ना, भाऊ."

"थांबली म्हणजे? तब्येत बिघडली का?"

"तब्येत ठणठणीत हाये. ज्या हंसादीदीच्या घरी आमी उतरलो होतो, तिच्या वावरात राजमा निघून राह्यला. तोडाले माणसं भेटत नाही तिकडं. राजमा निघेपर्यंत राहतो म्हणल्या, दीडक महिना. तुमाले इचारूनच राह्यल्या."

"मले? कवा?"

"परवा. आमच्यासमोरच फोन केला. स्पीकर सुरू होता. तुमी 'हौ, रहा' म्हणलं. आठही जणींनं ऐकलं."

आठही जणी आता त्यांच्याकडे पाहत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. सदाशिवराव त्या बॅगेवरच टेकले. पंचायतीत तिघा सरपंचांना गप्प बसवलेला हा माणूस. पण आता नुसता बॅगेची चेन चाचपत राहिला. बत्तीस वर्षांत तानाबाई माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिली नव्हती.

"कपडे तिकडंच ठेवून घेतले त्याईनं. बॅगेत राजमा हाये तुमच्यासाठी," निशिगंधाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रातभर भिजू घालाचा, असं सांगतलं त्याईनं."

घरी आले तर ओट्यावर वांगी होती. सकाळी त्यांनीच आणून ठेवली होती, काटेरी, तिला आवडतात तशी. म्हणजे आवडत असावीत. ती दर आठवड्याला करायची एवढं खरं. बारा दिवस खानावळीचा डबा खाल्ला होता आणि आजपासून डबा बंद, असं कालच ऐटीत सांगून आले होते.

ते खुर्चीत बसले आणि फोन काढला. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलानं, नयननं, त्यात काहीतरी करून ठेवलं होतं. प्रत्येक कॉल आपोआप साठून राहायचा. परवाचा कॉल सापडला. आठ मिनिटांचा. बायका खोटं बोलतात की काय ते बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी तो लावला.

आधी घरातलाच टीव्ही ऐकू आला. सोयाबीनचे भाव. मग तानाबाई.

"अवो, इथं समोरच पाच डोंगर हायेत. पंचचुली म्हणते त्याले. पांडव सोर्गात जायच्या आधी शेवटचं तिथं रांधून जेवले म्हणे, म्हणून पाच चुली. पाची विझलेल्या, अन् वरून नुसता बरफ. मले तं पाहूनच बरं वाटलं. ऐकून राह्यले ना?"

"हौ."

"सकाळी हंसादीदी मले ताट वाढून देते. मी बाहेर बसून खातो. समोर डोंगर पयले काळा, मंग तांबडा, मंग पांढराफेक. भाकर गार होऊन जाते पाहता पाहता."

"हौ."

"मी राहू का इथं? राजमा निघेपर्यंत?"

"हौ."

"खरंच राहू?"

"हौ, रहा ना. कोन नाही म्हणते."

"तुमच्या जेवनाचं कसं कराचं मंग?"

"हौ हौ."

सदाशिवरावांनी फोन टेबलावर ठेवला. आवाज त्यांचाच होता, नाकारायला जागा नव्हती. पण हे बोलणं झाल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. त्या दिवशीचा सोयाबीनचा भाव मात्र तोंडपाठ होता.

त्यांनी कॉल पुन्हा लावला. या खेपेला त्यांना शब्दांमधली जागा ऐकू आली. दर 'हौ'नंतर ती थांबत होती. शेवटच्या 'हौ हौ'नंतर तर इतकी थांबली, की मागे एका बाईचं हसू आणि त्यावर कुणीतरी "शूऽऽ" केलेलं स्पष्ट ऐकू आलं. मग तानाबाई म्हणाली होती, "ठेवू?" आणि ते म्हणाले होते, "ठेव."

आपण ऐकत नाही, हे तिला ठाऊक होतं. आजचं नव्हे, कधीपासूनचं. ती राहिली याच्यापेक्षा हे मोठं होतं.

दुपारी बाराला फोन वाजला. तिचाच. त्यांनी घाईनं रिमोट शोधून आधी टीव्ही बंद केला.

"पोचल्या ना साऱ्याजनी?" तानाबाईनं विचारलं.

"पोचल्या."

"राजमा पाह्यला का? भिजल्यावर दोनदा धुवून पाणी फेका त्याचं. इथं मघा ढग आले होते, सारं झाकून गेलतं. आत्ता थोडं उघडून राह्यलं. ऐकून राह्यले ना?"

शब्द सवयीनं ओठांवर आला. सदाशिवरावांनी तो गिळला. त्यांना त्या शब्दाची भीतीच वाटली. खिडकीतून दिसणाऱ्या सपाट तुरीच्या वावराकडे पाहत त्यांनी क्षणभर विचार केला, काय विचारावं. मग विचारलं,

"पाचातली कोनती चूल दिसून राह्यली आता?"

पलीकडे काहीच ऐकू येईना. रेंज गेली की काय म्हणून त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला. सेकंद चालू होते.

"हॅलो," तानाबाई जरा सावध आवाजात म्हणाली. "कोन बोलून राह्यलं?"