तिसऱ्या मजल्यावरचं शटर

आमच्या रहिवासी संघाचा नियम साधा आहे. वस्तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी सकाळी आठ ते दहाच्या मध्ये रस्त्याकडच्या खिडकीचं शटर वर ओढायचं, म्हणजे सगळं ठीक आहे हे कळतं. ज्याची पाळी असेल त्याने खालून चालत जाऊन बघायचं आणि वहीत नावापुढे खूण करायची. जुलैमध्ये इथे स्पेनमधल्या सारागोसात दहानंतर सगळेच उन्हामुळे शटर पुन्हा खाली घेतात, म्हणून दहाच्या आत जाणं महत्त्वाचं.

त्या मंगळवारी मी दहा पंचवीसला गेलो. पुस्तकात अडकलो होतो, दुसरं कारण नव्हतं. सगळी शटरं खाली होती. उघडून पुन्हा लावली असतील असं मनाशी म्हणून मी चौदाही नावांपुढे खुणा केल्या. खरं तर दारं वाजवायला हवी होती. पण लोकांची दारं वाजवणं मला कधी जमलेलं नाही.

साडेबाराला विसी कार्यालयात आली. ती संघाची अध्यक्ष, पूर्वी शहर बस चालवायची.

"पाववाली म्हणते, फेलिसाबाई आज आल्या नाहीत. आन्सेल्मो, त्यांचं शटर वर पाहिलंस ना?"

"खाली होतं."

"खाली म्हणजे? परत खाली, की खालीच?"

"मी उशिरा गेलो," मी म्हटलं.

तिने वही पाहिली, मग माझ्याकडे. खजिनदाराला बाकीच्या तेरा जणांना फोन करायला बसवलं आणि संघाकडे खिळ्यावर ठेवलेली फेलिसाबाईंची जादा किल्ली काढली. "चल. भांडण जिन्यात करू."

जिना ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढली, भांडण राहूनच गेलं. तिसऱ्या मजल्यावर विसीने तीनदा घंटा वाजवली आणि किल्ली घातली. ती अर्धीच आत गेली.

"आतून किल्ली लावून ठेवलीय. हजारदा सांगितलं यांना, रात्री कुलपात किल्ली ठेवू नका." तिने फोन काढला. "अग्निशमनवाल्यांना बोलावते."

तेवढ्यात आतून, पार जमिनीलगत, आवाज आला.

"कोण आहे?"

"मी. आन्सेल्मो."

"अजून कोण?"

"विसी आहे."

"तिला म्हणावं, फोन खाली ठेव."

फेब्रुवारीत त्या एकदा पडल्या होत्या, तेव्हा दार फोडावं लागलं होतं. त्यांचा मुलगा रामिरो उएस्काहून आला आणि त्याने तिथल्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली. "पुन्हा दार फुटलं तर मी तुला विचारायला थांबणार नाही," असं आईला सांगून तो गेला. त्यानंतर खालच्या बाकावर त्यांनी माझा हात धरून म्हटलं होतं, "पुढच्या वेळी तूच यायचं, दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही." मी हो म्हटलं. नाही म्हणणंही मला जमत नाही.

"अहो, कुठे लागलंय?" विसीने विचारलं.

"कुठेही नाही. बसलेय. दहा मिनिटं द्या, दाराशी येते."

"आमचा नियम आहे, फेलिसाबाई."

"नियम तुझ्या बसमध्ये ठेव."

फरशीवर कापड घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी दाराला कान लावून बसलो. कपाळावरचा घाम लाकडावर उतरत होता.

"तेवीस वर्षं बस चालवली," विसी दाराबाहेरून म्हणाली, "इतकी रखडलेली गाडी पाहिली नाही."

"तुझ्याच बसने माझं कंबरडं ढिलं केलं. आज पार सुटलं."

दहाची वीस मिनिटं झाली. मग घासण्याचा आवाज बंद झाला. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. विसीने फोन उचलला. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"पाच मिनिटं."

"कुणासाठी?"

शब्द दिला होता हे खरं. पण अग्निशमनवाले आले असते तर कुणीतरी वहीही मागितली असती.

"आन्सेल्मो," आतून आवाज आला, आता अगदी जवळून. "किल्लीपर्यंत हात पोचत नाही."

"काठी आहे?"

"आहे."

"किल्लीच्या कडीत काठीची मूठ अडकवा. फिरवू नका, नुसती ओढा. आणि मग दारापासून बाजूला व्हा."

काठी दारावर चारदा आपटली. पाचव्यांदा किल्ली फरशीवर पडल्याचा आवाज आला. विसीने आमची किल्ली घातली आणि दार जपून ढकललं.

त्या भिंतीला टेकून होत्या. ओठ सालपटले होते, अंग तापलं होतं. "बघ," त्या म्हणाल्या, "दार फुटलं नाही."

त्यांचा डावा पाय मांडीपासून बाहेर वळला होता. विसी ओला रुमाल आणायला धावली. रुग्णवाहिकेसाठी एकशे बाराला फोन मीच केला.

"शब्द दिला होतास," त्या म्हणाल्या.

"दिला होता."

रुग्णवाहिकेतून एक तरुण डॉक्टरीण आली. पाय पाहून तिने विचारलं, "कधी पडलात?"

"आत्ताच. तासही झाला नसेल," फेलिसाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

तासाभरापूर्वी पडल्या तर तो साधा अपघात होता. रात्रभर पडून होत्या असं ठरलं तर वृद्धाश्रमासाठी रामिरोला आणखी काही बोलायची गरज नव्हती. आणि तासाभरापूर्वी पडल्या असत्या तर माझी वहीसुद्धा बरोबर ठरत होती. विसी भिंतीकडे बघत होती.

"मला खरी वेळ हवी," डॉक्टरीण म्हणाली. "फार वेळ जमिनीवर पडून राहिलं की मूत्रपिंडं बिघडतात. उपचार त्यावर ठरतो."

"सकाळी दहानंतर शटर खाली होतं," मी म्हटलं. "त्याआधी कुणी पाहिलंच नाही. ते माझं काम होतं. आणि आता अर्धा तास आम्ही दाराबाहेर थांबलो, मदत बोलवायला मीच नको म्हटलं. फेलिसाबाई, कधी पडलात?"

त्यांनी डोळे मिटले. डॉक्टरणीने सुई लावून सलाईनची पिशवी टांगली.

"काल रात्री," शेवटी म्हणाल्या. "हवामान सांगत होते, टीव्हीवर."

डॉक्टरणीने ते रुग्णालयाला फोनवर कळवलं आणि दुसरी पिशवी टांगली. रुग्णवाहिकेच्या दोघांनी त्यांना खुर्चीला बांधून उचललं. मी जिन्यात कडेला उभा राहिलो. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली.

"विसी," त्या म्हणाल्या, "रामिरोला फोन तू कर. याला करू देऊ नकोस."