मामींच्या नावाचं शिंपलं

संग्रहालयातल्या शिंपल्यांच्या खोलीत बत्तीस वर्षं मामांचा शब्द शेवटचा. कॅलिपर लावायचा, दोन शिंपा जुळतात तिथल्या बिजागरीचे दात भिंगातून बघायचे आणि प्रजाती सांगून मोकळं व्हायचं. नोंदवहीत 'ओळख कुणी पटवली' या रकान्यात त्यांची सही, 'कशावरून' या रकान्यात 'आकारावरून'. बाकी कुणाची सही तिथे शोधून सापडायची नाही.

त्यांनी स्वतः शोधलेली प्रजाती मात्र एकच, जाड कवचाची, पाठीत कुबड आलेली. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं. ते शिंपलं घरी काचपेटीत होतं, लग्नाच्या फोटोच्या बरोबर पुढे. फोटोतले मामा दिसत, मामी झाकल्या जात.

मग प्रयोगशाळेत भाची रुजू झाली. तिने संग्रहालयात स्पिरिटमध्ये ठेवलेला या प्रजातीचा नमुना आणि खाडीतलं साधं पातळ शिंपलं, दोघांचा डीएनए तपासायला घेतला.

"तपास की," मामा म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" पण त्या दिवसापासून ते दिवसातून चारदा तिच्या दाराशी डोकावू लागले.

पहिला निकाल आला: खेकडा.

"ऐका हो!" मामांनी अख्खा मजला गोळा केला. "माझ्या बायकोला खेकडा म्हणतेय ही!"

शिंपल्यात वाटाण्याएवढा खेकडा बिऱ्हाड करतो. भाचीने घाईघाईत घरमालकाऐवजी भाडेकरूचाच तुकडा काढला होता. दुसऱ्यांदा तिने प्रत्येक तुकडा मामांना दाखवून कापला. निकाल: दोन्ही एकच. लाटांचा मार खाल्ला की कवच जाड होतं, खाडीत पातळ राहतं. आता खाडीतल्याचं आधीपासूनचं जुनं नाव राहणार, मामींचं जाणार.

"मामीला तू सांग," मामा म्हणाले.

"मी का? नाव तू दिलंस."

"आणि पुसतंय कोण?"

शेवटी दोघंही गेले. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, लग्नात मी काडीसारखी होते. आता दारातून तिरकी जाते. म्हणून निराळी प्रजाती झाले का? आणि दोन्ही शिंपली एकाच पातेल्यात शिजवत आलेय मी. चव एकच. पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं नाव दिलंत. मी कशाला मोडता घालू?"

मामी उठल्या, फोटो पुढे ओढला आणि शिंपलं साबण ठेवायला मोरीत नेलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी नोंदवहीतली मामींच्या शिंपल्याची नोंद पट्टी धरून स्वतः खोडली. खाली नवी लिहिली. ओळख कुणी पटवली: पत्नीने. कशावरून: चवीवरून. त्याखाली भाचीला थोडी जागा सोडली, डीएनएपुरती.