तीन गाड्यांचा पास

हट्ट्याच्या उकंडरावाला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तोही त्याने वसमतच्या स्टेशनात बिनतिकिटाचा धरला गेला तेव्हा फुकटात मिळवलेला. त्याच्या पुढचा टोपीवाला तिकिटबाबूला नुसतं ‘पास’ म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. उकंडराव दिवस मावळेपर्यंत बाकाशेजारी उकिडवा बसून राहिला. शब्द असावा तर असा, हे त्याने तिथेच ठरवलं. एकदा बोलला की आपलं काम होतं आणि पुढच्याचं तोंड बंद.

मग त्या शब्दाला त्याने बैलासारखं राबवलं. गोऱ्ह्याचे दात पाहिले की पास. कालवणात मीठ बराबर असलं की पास. कुणाची सून पसंत पडली, कुणाचं बांधाचं भांडण मिटलं, कुणाचा ताप उतरला, सगळं पास. ढग न बरसता डोक्यावरून गेले की हा आभाळाकडे पाहून म्हणायचा, ‘पास झाले बेटे!’ चुलती वारली तेव्हा ओट्यावर जमलेल्यांना त्याने सांगितलं, ‘म्हातारी पहाटं पास झाली,’ आणि रडणाऱ्या बायांपैकी दोघींना पदर तोंडात कोंबावा लागला. गावाने आधी चेष्टा केली, मग शब्द उचलला. वर्षभरात हट्ट्यात न्हाव्याचा वस्तराही पास-नापास होऊ लागला.

फक्त हळदीच्या कढईपाशी खरी अक्कल उकंडरावाची नव्हती, ती त्याच्या लेकीची होती. हळद कमी शिजली तर किडते, जास्त शिजली तर रंग जातो. मधली घटका फार थोड्यांना कळते. बाकीचे काडी टोचून पाहायचे. शकुबाई वाफेत तोंड घालून एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, ‘ओढा जाळ.’ गडी धावत लाकडं ओढायचे, आणि उकंडराव मागून ‘पास!’ म्हणून ओरडायचा, जसा काही वास त्यानेच घेतला. वसमतच्या आडतीत त्याच्या हळदीचं नाव झालं ते या पोरीच्या नाकावर.

अडचण एवढीच, की हे नाक लोकांच्या घरचं होतं. शकुबाईचं लग्न नवव्या वर्षीच पुसेगावच्या रामकिशनशी लागलेलं. ती चौदाची झाली तेव्हा सासरची माणसं न्यायला आली. उकंडरावाने त्यांना पुरणाचं जेवण घातलं, सुपारी पुढे केली आणि मग विचारलं, ‘जावई काय करून राहिले?’

‘मिडलच्या परीक्षेला बसला हाय.’

‘बसू द्या. पास झाला की या. आमच्या लेकीनं काय नापासाच्या घरी नांदावं?’

पाहुणे उठले. ओटी भरल्याशिवाय लेकीने उंबरा ओलांडायचा नाही, हा रिवाज. आणि ओटीचे गहू उकंडरावाच्या कणगीत होते.

रामकिशन तीन वेळा नापास झाला. दर खेपेला निकाल कळला की उकंडराव पारावर चेहरा पाडून बसायचा, ‘काय करता, पोरीचं नशीब,’ म्हणायचा, आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खायचा. चौथ्या वर्षी रामकिशन पास झाला, त्या दिवशी मात्र त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप गेला : ‘कागद पास झाला, माणूस न्हाई. नौकरी पाहा.’ रामकिशन हिंगोलीच्या कचेरीत नक्कलनवीस लागला. ‘पक्का झाला का?’ तो पक्काही झाला. तोवर सातवी हळद जमिनीतून निघायला आली होती.

शकुबाई विशी ओलांडून गेली. पाणवठ्यावर तिच्या वयाच्या बाया कडेवर लेकरू घेऊन यायच्या आणि विचारायच्या, ‘काय गं शके, तुझा नवरा कोणत्या वर्गात हाय?’ ती हसून घागर उचलायची. पेटीत सासरी नेसून जायचं हिरवं लुगडं होतं. दर दिवाळीला ती ते उन्हात घालायची, कसर लागू नये म्हणून. दर दिवाळीला आईला म्हणायची, ‘आई, औंदा तरी धाडा.’ नर्मदाबाई म्हणायची, ‘बापाला इचार.’ बापाला विचारायची हिंमत दोघींतही नव्हती.

जगाची मोठी लढाई तर आधीच लागलेली होती; त्या लढाईच्या चौथ्या सालात संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात माल न्यायला सरकारी पास लागू लागला. वाशीमच्या बाजारात हळदीची वाट पाहणारे व्यापारी आणि मधल्या नाक्यावर शिपाई. इतकी वर्षं उकंडराव ज्याला पाहिजे त्याला पास करत होता. आता तो शब्द हिंगोलीच्या कचेरीत छापून निघत होता, आणि त्यावर नावं भरायला बसला होता रामकिशन.

गाड्या हाकणारा खाजा मिया खदखदा हसला. ‘क्या पाटील, दामाद अब पास हुआ के नहीं?’

‘कवाच पास!’ उकंडराव म्हणाला. त्याच दिवशी त्याने पुसेगावला माणूस धाडला : लेक न्या, येताना पास आणा.

फाल्गुनातल्या सकाळी रामकिशन आला. कोट, काळी टोपी, हातात पिशवी. अंगणात खाजा मियाच्या गाड्या भरून उभ्या होत्या. शकुबाई हिरवं लुगडं नेसून दाराशी उभी होती. नर्मदाबाईने नुकतीच ओटी भरलेली, पदरात गहू, खण, नारळ. दोन्ही हातांनी तिने पदर धरला होता.

‘जावईबापू, पास आणला का?’

‘आणला, मामा.’ रामकिशनने कोटाच्या खिशावर हात ठेवला. ‘पण आगोदर माझं एक काम.’ त्याने पिशवीतून कोरी पाटी काढली, पेन्सिल काढली आणि शकुबाईपुढे धरली. ‘नाव लिही.’

लग्नानंतर नवऱ्याचा तिच्याशी हा पहिलाच शब्द. तिला वाटलं, थट्टा करून राहिले. लाजून म्हणाली, ‘कोणाचं?’

‘तुझंच.’

‘अवं, तिनं कवा पेन्सिल धरली?’ नर्मदाबाई मधे पडली. ‘तिला सैपाक इचारा, हळद इचारा.’

‘मला कोणी हळद इचारली होती का, मामी?’

शकुबाईने पदर एका हातात गोळा केला, पेन्सिल घेतली आणि एक उभी रेघ ओढली. मग दुसरी कुठून काढायची ते तिला कळेना. पेन्सिल पाटीला लावून ती तशीच थांबली.

‘नापास,’ रामकिशन म्हणाला. आवाजात राग नव्हता. निकाल वाचावा तसं.

शकुबाईने मान वर केली. ‘तुमी किती बार नापास झाले?’

‘तीन बार.’

‘मग मला एकच बार काहून? पुढच्या साली या. मी शिकते.’

‘पुढच्या साली जागा ऱ्हाणार न्हाई. हिंगोलीच्या मास्तरची पोरगी पाहिली. वैशाखात लगीन हाय.’

‘मग हिला काडीमोड तरी द्या!’ नर्मदाबाई ओरडली. ‘दुसरं घर तरी करील माझं लेकरू!’

‘दीन की. घाई काय हाय? मामांनी मला सात वर्सं बसवलं. हिलाबी बसू द्या.’

खाजा मिया बैलाच्या वशिंडावर हात ठेवून दुसरीकडे पाहू लागला. बाकी सगळे उकंडरावाकडे. याहून लहान बोलण्यावरून त्याने कोतवालाच्या पाठीत काठी मोडली होती, गावाने पाहिलं होतं. त्याचे कान लाल झाले. तो उठला, काठी घेतली, जावयापाशी गेला. नर्मदाबाईने डोळे मिटले.

‘पास किती गाड्यांचा हाय?’ उकंडरावाने विचारलं.

‘दोन.’

‘हळद तीन गाड्या हाय.’

रामकिशनलासुद्धा एवढी अपेक्षा नव्हती. मग त्याने कागद काढला, टाक काढला. ‘खाली धरायला काही सपाट द्या.’

उकंडरावाने इकडेतिकडे पाहिलं. ‘शके, ती पाटी धर. दोन्ही हातांनी.’

शकुबाईने पदर सोडला. नारळ पायऱ्यांवरून गडगडत बैलांपर्यंत गेला, गहू तिच्या पायांवर सांडले. तिने पाटी धरली. रामकिशनने पाटीवर कागद पसरला, दोन खोडून तीन केले आणि खाली सही ओढू लागला.

‘हलवू नको,’ तो म्हणाला.

तिने हलवली नाही.